न पाजलेला काढा

माझ्या हातचं एकच औषध आजवर पंचक्रोशीत नावाजलं गेलं, आणि ते मी कुणाला कधी पाजलंच नव्हतं. भाकरी मला आजही एका बाजूने जाड येते, पुरणपोळीचं पुरण माझ्याकडून तव्यावर पसरतं, पण काढा म्हटलं की मध्यंतरी जुन्नर आणि आंबेगाव अशा दोन तालुक्यांत माझं नाव निघायचं. माझी लेक चिमी दुपारची झोपली आहे, तोवर हे लिहून काढते. ती उठली की वाक्य जिथे असेल तिथे थांबेल.

आमच्या ह्यांना आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, आपली एक किडनी दिली. ते सगळं पुण्याला झालं आणि नीट झालं, म्हणून त्याबद्दल सांगत बसत नाही. गोष्ट सुरू होते ती दोन हजार तीन साली आम्ही नारायणगावला घरी आलो तिथून. माझ्या पर्समध्ये आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेला एक कागद होता. मीठ मोजून. पाणी उकळून. कच्चं काही नाही, शिळं काही नाही, रस्त्यावरचा रस नाही, पपनस तर मुळीच नाही, कारण ते म्हणे गोळ्यांच्या कामात ढवळाढवळ करतं. टोमॅटो सध्या जपून. आणि शेवटची ओळ, जिच्याखाली बाईंनी दोन रेघा मारल्या होत्या: आम्हाला विचारल्याशिवाय कुठलाही काढा, चूर्ण, टॉनिक, पावडर नाही.

मी मनात म्हटलं, एवढंच ना? घरात एका माणसाला साधं जेवू घालायचं. यात कसलं अवघड आलं?

अवघड काय ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला कुणी रिकाम्या हाताने येत नाही. टोमॅटोच्या हंगामात तर माणूस दुसऱ्याच्या घरी जाताना टोमॅटो नेतो आणि परत येताना टोमॅटो आणतो. पहिल्या आठवड्यात आमच्या ओट्यावर चार कॅरेट टोमॅटो, शहाळी, द्राक्षं, दोन प्रकारचे च्यवनप्राश, ह्यांच्या शाळेतल्या शिक्षकांनी मिळून आणलेला प्रोटीनचा डबा आणि कुणाच्या तरी मावसभावाने थेट हिमालयातून आणलेलं शिलाजित असा माल जमला. शिलाजित आणणाऱ्याला मी पाणी विचारलं तर तो म्हणाला, "आधी गुरुजींना द्या." जणू हे तहानेनेच आजारी पडले होते.

या सगळ्यांचं म्हणणं एकच, की गुरुजींची प्रतिकारशक्ती वाढली पाहिजे. आता यातला घोळ असा होता, की ह्यांची प्रतिकारशक्ती कमी राहावी म्हणून तर आम्ही सकाळी नवाला आणि संध्याकाळी नवाला, घड्याळ लावून, त्या उग्र वासाच्या कॅप्सूल देत होतो. डॉक्टरांनी पुण्यात मला हे चित्र काढून समजावलं होतं. मला अर्धंच समजलं. आईंना चित्राशिवाय समजलं.

"हे बघ," आई मला म्हणाल्या, "मी माझी किडनी त्याच्याकडं नांदायला दिलीय, लेक दिल्यावानी. नवी सून घरात आली की घरची मानसं कुरबुर करायचीच, ही आपली न्हवं म्हनून. ह्या गोळ्या त्यांना गप बसवत्यात. आन ही येनारी जानारी काय करत्यात? नंदांना काजू बदाम चारत्यात, भांडाय जोर यावा म्हनून."

इतकं सोपं करून आजवर मला कुणी काही सांगितलेलं नाही. माझ्या लग्नानंतरची दोन वर्षंसुद्धा त्यात मला समजली.

साधं जेवण मात्र जमत होतं, आणि त्याचं श्रेय समोरच्या किराणा दुकानाच्या झमकूबाईंना. त्यांचं कुटुंब तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून इथे आलं. पाणी उकळून गाळून प्यायचं, काल उकळलेलं आज ठेवायचं नाही, रात्रीचं अन्न सकाळी खायचं नाही, हे त्यांच्या धर्मातच आहे. आहारतज्ज्ञ बाईंचा कागद त्यांना वाचून दाखवला तर म्हणाल्या, "यात नवीन काय गं? आमची सासू हेच सांगायची, फक्त फी घेत नव्हती." उकळलेल्या पाण्याच्या कळशा वेगळ्या कशा ठेवायच्या ते त्यांनी मला शिकवलं. आणखी एक गोष्ट शिकवली, ती मी शिकले नाही.

"तुला लोकांना नाही म्हणता येत नाही ना? मग सांग, ह्यांनी पचखाण घेतलंय. आमच्यात एखादी वस्तू अमुक दिवस खाणार नाही असा नेम घेतला, की आग्रह करणाऱ्यालाच पाप लागतं. माणूसही दुखावत नाही आणि वस्तूही पोटात जात नाही."

मी हसले. रविवारच्या मटणासाठी शनिवारपासून गप्प बसणाऱ्या माझ्या नवऱ्याने पचखाण घेतलं असं सांगितलं असतं, तर लोकांनी आधी मला डॉक्टरकडे नेलं असतं. इतका शहाणा सल्ला मी हसण्यावारी नेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दारात कुशाबा काका उभे राहिले.

कुशाबा काका शेजारच्या घरातले. एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीनंतरही त्यांचा आवाज शेवटच्या सीटपर्यंत जातो. त्यांच्या परसात कडुनिंबावर गुळवेल चढलेली आहे. तिची खोडं ठेचून, रात्रभर भिजवून, पहाटे उठून त्यांनी काढा केला होता आणि तो तांब्यात घालून, वर ताटली झाकून आणला होता. हातात अक्षरशः वाफ.

मी म्हटलं, "काका, डॉक्टरांनी बाहेरचं काही द्यायला मनाई केलीय."

"भायेरचं?" ते म्हणाले. "भितीला भीत लागून हाय आपली. मी भायेरचा कवापास्नं झालो, सूनबाई?"

तांब्या दोन्ही हातांत धरून ते नुसते उभे राहिले. आम्ही पुण्याला तीन महिने होतो तेव्हा या माणसाने आमचं घर राखलं होतं, चिमीला स्वतःकडे ठेवून घेऊन खांद्यावर बसवून बाजार दाखवला होता. मी आत पाहिलं. आई चुलीपाशी होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "म्हातारं मानूस हाय. घे गं. पाजायचा न्हाई म्हंजी झालं."

मी तांब्या घेतला, काढा मोरीत ओतला, आणि रिकामं भांडं परत करू नये म्हणून त्यात वाटीभर साखर घालून परत दिला.

हा कार्यक्रम पुढे रोज सात वाजता होऊ लागला. आमच्या मोरीची प्रतिकारशक्ती त्या दिवसांत तालुक्यात सर्वांत जास्त असावी. हेही त्यात सामील झाले. काकांनी ओट्यावरून विचारलं, "कडू लागतो का, गुरुजी?" की हे असं काही तोंड वाकडं करायचे, की शाळेच्या गॅदरिंगला यांना कधी मुख्य भूमिका का मिळाली नाही याचं मला नवल वाटायचं. आपण कुणाचं मन दुखावत नाही, कुणाचं नुकसान करत नाही, असं आम्हा तिघांना वाटत होतं. सभ्य माणसांची लबाडी स्वतःलाच चांगुलपणा समजत असते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

तिसऱ्या महिन्यात पुण्याहून रिपोर्ट आला. क्रिएटिनिन एक पॉइंट एक. ज्यांना या आकड्याचा अर्थ कळत नाही ते भाग्यवान. आमच्या घरात तो आकडा ऐकून आई देवापुढे जाऊन बसल्या आणि मी गॅसवर दूध उतू घालवलं. तेवढ्यात काका तांब्या घेऊन आले.

"काय आलं रिपोटात?"

"छान आलं, काका. एकदम छान."

"कशानं आलं?"

काय चेहरा होता त्यांचा! दहावीचा निकाल लागलेल्या पोराच्या बापाचा असतो तसा. मी म्हणाले, "तुमच्या काढ्यानं."

दोन शब्द. यापेक्षा मोठी वाक्यं मी आयुष्यात कितीतरी बोलले असेन, एकाचंही कुणी काही केलं नाही. हे मात्र काकांनी एसटी स्टँडवर सांगितलं, सलूनमध्ये सांगितलं, टोमॅटोच्या बाजारात लिलाव थांबवून सांगितलं. चार दिवसांनी ते वहीचा कागद घेऊन आले.

"लोकं परमान इचारत्यात. माजं अक्षर म्हंजी तिकिटावर भोकं पाडल्यावानी. तुमी लिवून द्या."

इथे मी थांबायला हवं होतं. पण माझं अक्षर चांगलं आहे, आणि चांगलं अक्षर असलेल्या बाईला कुणी काही लिहून मागितलं की तिची बुद्धी बोटांत उतरते. गुळवेल एक वीतभर, पाणी चार पेले, एक पेला उरेपर्यंत आटवणे. मी वर समास सोडला, शीर्षकाखाली रेघ मारली. खाली काकांच्या आग्रहावरून लिहिलं: 'अनुभव: संपत गुरुजी, नारायणगाव. किडनी बदललेल्यांस गुणकारी.'

त्या कागदाच्या झेरॉक्स निघाल्या. मला त्या कळल्या त्या अशा, की ह्यांच्या औषधांची बिलं मंजूर करणाऱ्या ऑफिसात मी फाइलची चौकशी करायला गेले. ऑफिसचं नाव सांगत नाही, अजून दोन बिलं तिथे आहेत. खिडकीतल्या भाऊसाहेबांनी फाइल काढली, चष्मा कपाळावर नेला आणि म्हणाले, "ताई, गुण तर काढ्यानं आलाय. मग ह्या गोळ्यांची बिलं कशाची?"

त्यांच्या टेबलाच्या काचेखाली माझं अक्षर होतं.

मी म्हटलं, "अहो, तो काढा... म्हणजे गोळ्याही चालू आहेत."

"ते तुम्ही लेखी द्या. इथे शेरा आहे." त्यांनी मोठ्याने वाचलं, "'रुग्ण वनौषधी उपचार घेत असल्याचे समजते. तरी गोळ्यांच्या आवश्यकतेबाबत खुलासा करावा.' काढ्याचं बिल असेल तर तेही जोडा. सुटं चालणार नाही, पावती पाहिजे."

मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "आमच्या मेहुण्याला मुतखडा आहे. त्याला चालेल का हो?"

परतीच्या जीपमध्ये मी खूप हसले. घरी येऊन ह्यांना सांगितलं, हेही हसले. आई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "कागद लई लांब ग्येला गं." मला ते तेव्हा टोचलं, पण चिमीला ताप होता, वर्गाच्या सहामाहीच्या वह्या घरी आल्या होत्या, आणि टोचलेलं काढायला बसण्याइतका वेळ कुठल्या बाईकडे असतो?

ते काढायची वेळ एका रविवारी, दुपारच्या जेवणाआधी, आपोआप आली. दारात एक माणूस, एक बाई आणि केळीच्या पानात गुंडाळलेले दोन मोठे मासे. माणूस डिंभ्याचा, नाव कुंडलिक. धरणावर मासेमारी करायचा. बरोबर त्याची थोरली बहीण हौसाबाई. दोन वर्षांपूर्वी तिने त्याला आपली किडनी दिली होती.

"तुमचे पाय धरायला आलोय, ताई," हौसाबाई म्हणाली, आणि खरंच वाकली. मी मागे सरकले. तिने पदराच्या गाठीतून कागद काढला. झेरॉक्सची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स, रेघ मात्र अजून सरळ.

कुशाबा काकांना कुठून बातमी लागली कोण जाणे, ते टोपी बदलून आले आणि खुर्चीत सत्कारमूर्तीसारखे बसले. मी पाणी दिलं. कुंडलिकने पेला घेतला तेव्हा त्याच्या हाताकडे माझं लक्ष गेलं. मग पायांकडे. चपलेचा पट्टा मांसात रुतला होता. चेहरा असा, की सकाळी उठल्यावर सुजलेला असतो तो उतरलाच नाही.

ह्यांनी सहज विचारलं, "गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

"गोळ्या सोडल्या की, गुरुजी," कुंडलिक म्हणाला. "बारा दिस झालं. त्या आनायला पुन्याला जायचं, आमच्याकडं यष्टीचा नेम न्हाई. आन तुमच्या कागदात गोळ्यांचं नावच न्हाई. म्हनलं, गुरुजीनं सोडल्या आसतीन."

"सकाळ संध्याकाळ दोन तांबं पाजते मी," हौसाबाई म्हणाली. "माजं देनं वाया जाऊ द्यायचं न्हाई. सूज वाईच हाय, पर ती काढा लागू पडाय लागला की येतीच, असं लोकं म्हनत्यात."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. आईंचा हात आपोआप स्वतःच्या कुशीवर गेला, टाके होते तिथे. तिकडे हौसाबाईचाही हात तिथेच होता. बसताना तिला तशी सवय लागली असावी.

मी सुरुवात सभ्यपणाने केली. त्याचं काय आहे, प्रत्येकाची प्रकृती वेगळी असते, काढा चांगलाच आहे, पण डॉक्टरांचं मतही... असं मी कितीतरी वेळ बोलले. कुंडलिक मान डोलावत राहिला आणि शेवटी म्हणाला, "मंजी तीन तांबं घिऊ?"

तेव्हा मी म्हणाले, "हा काढा मी ह्यांना एकदाही पाजलेला नाही. एक घोटसुद्धा नाही. रोज मोरीत ओतला. गोळ्या एक दिवस चुकल्या नाहीत. कागद खोटा आहे. मी लिहिला आहे."

काकांकडे बघायचं धैर्य मला झालं नाही. ऐकू मात्र आलं. खुर्ची करकरली.

"मीच म्हनले व्हते तिला वतून दे म्हनून," आई म्हणाल्या. "बोल मला लावा."

हौसाबाईने कागद उलगडला, पुन्हा घडी केली. शांतपणे म्हणाली, "अक्षर लई सुंदर हाय तुमचं, ताई. आमी त्याच्यावरच इस्वास ठिवला."

मला आजवर कुणी यापेक्षा वाईट बोललेलं नाही. तिने तर मला नावंही ठेवली नव्हती.

पुढचा अर्धा तास मला तुकड्या तुकड्यांनी आठवतो. हे फोनवर पुण्याच्या डॉक्टरांना कुंडलिकच्या सुजेबद्दल सांगत होते आणि तिकडून डॉक्टर इतक्या मोठ्याने ओरडत होते, की रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. आत्ता निघा, एक तासही घालवू नका. झमकूबाईंनी दुकानातून पाहिलं आणि काही न विचारता नातवाला जीपवाल्या गफूरभाईंकडे पाठवलं. गफूरभाईंनी भरलेली सीटं उतरवली. "पावणं, दुसऱ्या गाडीनं या," ते प्रवाशांना म्हणाले, "ह्या मानसाला थांबाय येळ न्हाई." मी पाण्याची बाटली भरली. उकळलेलंच.

जीप सुरू झाली तेव्हा काका पुढच्या सीटवर चढून बसले. पायात चपला, अंगावर तीच सत्काराची टोपी.

"काका, तुम्ही कुठे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "कागद तुमचा आसंल. काढा माजा हाय," ते समोर बघून म्हणाले. "चल रं गफूर. डबल घंटी."

नंतरचे चार दिवस मी झेरॉक्स गोळा करत होते. स्टँडवर, सलूनमध्ये, पिठाच्या गिरणीत, जिथे जिथे माझं अक्षर चिकटवलेलं होतं तिथे. प्रत्येक ठिकाणी सांगायचं, की हे खोटं आहे आणि मी लिहिलं आहे. लोक सांत्वन करायचे. "जाऊ द्या ओ ताई, तुमी काय मुद्दाम केलं का?" एकाने कागद दिलाच नाही. म्हणाला, "आम्हाला गुण आलाय." किडनीचं काही आहे का विचारलं तर म्हणाला, "नाय, गुडघा." ऑफिसात लेखी खुलासा दिला. भाऊसाहेबांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "पण खोटेपणाचा खुलासा लावायला आमच्याकडे रकाना नाही." तरी काचेखालचा कागद मी काढून घेतला. काच उचलताना बोट कापलं. बरं वाटलं.

सकाळचे सात अवघड जायचे. दाराशी कुणी यायचं नाही. मी उगाच ओटा पुसायचे. चिमी विचारायची, "कुशाबा आजोबा गाडीतून कुठे गेले?" आई जेवायच्या नाहीत नीट. एकदा म्हणाल्या, "त्या बाईकडं आता एकच किडनी हाय. दिली ती बी गेली, ऱ्हायली ती बी गेली, तर तिनं करायचं काय?" हे शाळेतून आले की आधी फोनकडे बघायचे आणि मग माझ्याकडे. मी मान हलवायचे.

पाचव्या दिवशी, मी डाळीला फोडणी देत होते, तेव्हा फोन वाजला. एसटीडी बूथवरून बोलणाऱ्या माणसाला वाटतं पुणं ते नारायणगाव अंतर आवाजानेच कापायचं आहे. हौसाबाई होती.

"ताई! भाऊ मुतला!"

फोडणी जळाली. मी ओरडले, "किती?"

"दीड लिटर! कालपास्नं दीड लिटर! नर्सबाईनं भांडं दावलं मला!"

मी तोंड फिरवून घरात ओरडले, "दीड लिटर!" आई मटकन खाली बसल्या आणि पदर तोंडात धरून हसायला लागल्या, का रडायला, ते मला सांगता येणार नाही. हे शर्टाचं एकच बटण लावलेले बाहेर आले आणि वर्गात सांगावं तसं गंभीरपणे म्हणाले, "उत्तम." समोरून झमकूबाईंनी विचारलं काय झालं, तर आमच्या चिमीने भर रस्त्यात सगळ्यांना ऐकवलं काय झालं ते.

"डाक्टर म्हनत्यात," हौसाबाई पुढे सांगत होती, "पयल्यावानी पुरती न्हाई व्हनार. वाईच ग्येली ती ग्येली. पर चालंल. गोळ्या जलमभर. आता मी दारात बसून चारनार हाय त्याला." मग म्हणाली, "ताई, तुमी त्या दिशी बोललं नसतं तर आमी तीन तांबं चालू करनार व्हतो."

तिने लगेच रिसीव्हर पुढे केला. "धरा, काका बोलत्यात."

फोनमध्ये आधी रस्त्याचा आवाज आला. मग काकांचा, पण शेवटच्या सीटपर्यंत जाणारा नाही, जवळचा.

"सूनबाई."

"काका, मला माफ करा."

"ते ऱ्हाऊ द्या. मला एक इचारायचंय. पर खरं सांगायचं. मन राखायचं न्हाई."

"विचारा."

"दिवाळीला तुमच्या काकूनं अनारसं धाडलं व्हतं. ते बी मोरीत ग्येलं का?"

मी पाहिलं, आई माझ्याकडे बघत होत्या. हेही. मी म्हणाले, "नाही काका, खाल्ले. पण चिवट होते. फार चिवट. आईंची दाढ दुखली दोन दिवस."

मग मला हसू ऐकू आलं, दम लागेपर्यंतचं, आणि मीटर पडतंय म्हणून बूथवाला काहीतरी म्हणत होता तेही.

"चिवटच व्हतं," काका म्हणाले. "तीस वरीस खातोय मी. पर हिला सांगू नगा."